'ओरिजिनल' लिहिण्याआधी खालचा समास वाचा

मालवण तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे आजोबा टुरिंग टॉकीजवर, म्हणजे गावोगावी तंबू लावून चित्रपट दाखवणाऱ्या फिरत्या थिएटरवर, ऑपरेटर होते. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. तिच्यात एकोणीस चित्रपटांची पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. शिवाय माजघरातल्या चार जुन्या तसबिरी आहेत. हे सगळं त्यांना ऑनलाइन विकायचं आहे. ते म्हणतात, "जिकडे तिकडे 'ओरिजिनल, रेअर, मिंट कंडिशन' असंच लिहिलेलं दिसतं. मी घड्या, डाग, भोकं लिहीत बसलो तर माझ्याकडून घेणार कोण? आणि नेमकं लिहायचं तरी काय?"

मी रत्नागिरीत २६ वर्षं जुना कागद घेते, दुरुस्त करते आणि विकते. त्यातली शेवटची बरीच वर्षं विक्री ऑनलाइनच आहे. आधी तुमच्या काळजीबद्दल सांगते. जुन्या पोस्टरला चांगली किंमत देणारा माणूस घडी बघून पळत नाही. पोस्टरं थिएटरला घड्या घालूनच जायची, हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. ज्याच्या वर्णनात एकही दोष नाही, त्याच्याकडूनच तो घेत नाही. 'मिंट', म्हणजे अगदी नव्यासारखं कोरं, असं वाचून जो भुलतो तो नवखा असतो. पार्सल उघडल्यावर तोच सगळ्यात जास्त दुखावतो आणि वस्तू परत पाठवतो. परतीच्या प्रवासात कागदाचं आणखी नुकसान होतं, ते वेगळंच.

आता काय लिहायचं ते. मी स्वतःसाठी एक शिस्त लावून घेतली आहे. वर्णनातलं प्रत्येक वाक्य तीनपैकी कुठल्या प्रकारचं आहे ते मला सांगता आलं पाहिजे: मी डोळ्यांनी पाहिलं, पाहिलेल्यावरून अंदाज केला, की कुणी मला सांगितलं. 'आकार ३० बाय ४० इंच' हे पाहिलेलं. 'पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं असावं' हा अंदाज, आणि त्याचं कारण लगेच पुढे लिहायचं. 'आजोबा टॉकीजवर होते, त्यांच्या ट्रंकेत होतं' हे घरात सांगितलेलं. तिन्ही लिहायला हरकत नाही, पण एकाच्या जागी दुसरं सरकवलं की गडबड होते. बहुतेक खोटी वर्णनं कुणी ठरवून खोटी लिहीत नाही. अंदाज हळूच 'पाहिलेलं' होऊन बसतो.

'ओरिजिनल' या शब्दाचं तर फार झालं आहे. एकच उदाहरण घ्या. 'मुघल-ए-आझम' १९६० साली आला आणि २००४ साली रंगीत होऊन पुन्हा थिएटरात लागला. २००४ चं पोस्टरही थिएटरसाठीच छापलेलं, म्हणजे तेही खरंच ओरिजिनल, पण २००४ चं. आपल्याकडे गाजलेले चित्रपट वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत आले आणि दर वेळी नवी पोस्टरं छापली गेली. शिवाय अलीकडे घरात लावण्यासाठी छापलेल्या प्रती आहेत, त्या कधीच कुठल्या थिएटरला गेलेल्या नाहीत. आणि जुन्या पोस्टरचा फोटो काढून, कागद चहाच्या पाण्यात बुडवून 'जुन्या' केलेल्या प्रतीही आहेत. या सगळ्यांवर 'ओरिजिनल' लिहिलेलं मी पाहिलं आहे. म्हणून हा शब्द मी वापरत नाही. 'पहिल्या प्रदर्शनाचं', 'पुनःप्रदर्शनाचं', 'नवीन छपाई' किंवा 'छपाईचा काळ ठरवता आला नाही' असं लिहिते. नवीन छपाई विकणं यात काही गैर नाही, पण ती नवीन म्हणून विकावी.

काळ कसा ठरवायचा? पोस्टर टेबलावर पसरा आणि नटनट्यांचे चेहरे सोडून आधी खालचा समास वाचा. अगदी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव-पत्ता असतो. मी इथेच एकदा ठेच खाल्ली आहे. १९५७ च्या एका चित्रपटाचं पोस्टर मी पहिल्या प्रदर्शनाचं म्हणून विकलं. कागद पिवळा होता, रंग विटलेले होते, घड्या विरल्या होत्या. मला शंकाच आली नाही. पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते घेतलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडच्या फोटोत खालची ओळ मोठी करून बघा. बॉम्बे ४०० ००४ लिहिलंय." सहा आकडी पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी नुसतं 'बॉम्बे ४' असं लिहायचे. म्हणजे पोस्टर चित्रपटाहून किमान पंधरा वर्षं लहान होतं. ती ओळ माझ्याच फोटोत होती आणि मी ती वाचली नव्हती. मी पूर्ण पैसे परत केले, दोन्ही वेळचं कुरिअर भरलं आणि वर्णन बदलून पुन्हा टाकलं. दुसऱ्यांदा ते पुष्कळ कमी किमतीला गेलं, पण ज्याने घेतलं त्याला काय घेतोय ते माहीत होतं.

तेव्हापासून समासातली ओळ मी वर्णनात जशीच्या तशी उतरवून देते आणि तिचा वेगळा फोटो लावते. अशा खुणा आणखी आहेत. इंग्रजी अक्षरांत 'बॉम्बे' आहे की 'मुंबई' ते पाहा, नाव १९९५ मध्ये बदललं. तुमच्या गाण्यांच्या पुस्तिकांवर किंमत पाहा. 'दोन आणे' असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' असेल, म्हणजे नये पैसे, तर १९५७ ते १९६४ च्या आसपासची, कारण १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गळाला. या खुणांनी नेमकं वर्ष कळत नाही. 'याच्या आधीचं नाही' किंवा 'बहुधा याच्या नंतरचं नाही' एवढंच कळतं. वर्णनातही तेवढंच लिहा.

नंतर भिंग घ्या. सोनारांकडे असतं तसलं दहा पटीचं पुरे. जुन्या लिथो छपाईत रंग खडूने घासल्यासारखा, रवाळ आणि अनियमित दिसतो, कारण चित्रकार चित्र छपाईच्या प्लेटवर हातानेच काढायचे. ऑफसेटमध्ये, म्हणजे फोटोवरून प्लेट बनवून केलेल्या छपाईत, चार रंगांचे ठिपके शिस्तीत, छोट्या फुलांसारखे मांडलेले दिसतात. ऑफसेट दिसलं म्हणजे खोटं, असं मात्र समजू नका. पुढच्या काळातली अस्सल पोस्टरं ऑफसेटचीच आहेत. पण लिथोचा रवाळपणा आणि त्याच्यावर ठिपक्यांची जाळी असं दोन्ही एकत्र दिसलं, बारीक अक्षरांच्या कडा मऊ झालेल्या असल्या, तर तो जुन्या पोस्टरच्या फोटोवरून छापलेला कागद आहे. याहून सोपी एक खूण बोटालाच कळते. फोटोवरून छापताना मूळ पोस्टरच्या घड्याही छापल्या जातात. डोळ्यांना घडी दिसते, बोट फिरवलं तर कागद सपाट. एकदा ते बोटाला कळलं की विसरत नाही.

चहात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो, अगदी पाठीमागेही. खरा म्हातारा कागद कडांना आणि जिथे हवा लागली तिथे जास्त काळवंडतो, घडीच्या आत कमी. आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून पाहा, नोटा तपासायला वापरतात तो चालेल. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं आहेत, आणि ती कागदात साधारण १९५० च्या दशकापासून आली. चमकला नाही म्हणून तो जुना, असं मात्र सिद्ध होत नाही.

कोकणातल्या कागदाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मुंबई-पुण्याच्या घेणाऱ्याला आपल्या हवेची कल्पना नसते. इथे पावसात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं आणि चार महिने भिंती ओल धरतात. त्यामुळे आपल्या घरांतून निघालेल्या कागदाचे दोष ठरलेले आहेत: बुरशीचे करडे किंवा काळे ठिपके, तपकिरी बारीक डाग, कसर या बारीक किड्याने वरवर खरवडलेला थर, वाळवीने आरपार काढलेले रस्ते, आणि खारट हवेने गंजलेल्या टाचण्यांचे लालसर डाग. प्रत्येकाला त्याच्या नावाने लिहा. 'वयोमानानुसार डाग' हे काहीच न सांगणारं वाक्य आहे. 'वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं, भोवती गंज. उजव्या कडेला कसरीने खाल्लेला सुमारे ३ सेंमीचा भाग, चित्रापर्यंत पोचलेला नाही' हे खरं वर्णन. चित्रापर्यंत पोचला की नाही हे नेहमी सांगा, घेणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

वास फोटोत येत नाही, म्हणून तोही लिहा. डांबरगोळ्यांचा वास उघड्या हवेत काही दिवसांत जातो. कुबट वास येत असेल तर बुरशी अजून जिवंत असू शकते, आणि ती घेणाऱ्याच्या संग्रहातल्या बाकीच्या कागदांवर चढेल. तसा कागद मी आधी वेगळा ठेवते, कोरड्या दिवसांत सावलीत वारा देते, वरची धूळ मऊ ब्रशने घराबाहेर, नाकाला मास्क लावून काढते. तोवर तो विक्रीला काढत नाही. काढलाच तर पहिल्या ओळीत लिहिते.

तुमच्या ट्रंकेत एक गोष्ट मात्र जपून पाहा. टॉकीजवाले पोस्टरवर स्वतःची छापील किंवा हाताने लिहिलेली पट्टी चिकटवायचे: गावाचं नाव, 'आजपासून', 'रोज ३ खेळ', तिकिटाचे दर. भिंतीवर खळीने डकवलेलं पोस्टर पुढच्या पोस्टरखाली गेलं किंवा पावसात वाहून गेलं. घरात सापडतात ती न डकवलेली, आणि त्यांवर अशी पट्टी असेल तर ती फारच क्वचित उरलेली गोष्ट आहे. पोस्टर 'स्वच्छ' दिसावं म्हणून लोक ती पाण्याने भिजवून काढतात. मला हे बघवत नाही. छापखान्यातून तसलीच पोस्टरं ढिगाने निघाली असतील, पण तुमच्या तालुक्यातल्या जत्रेत तंबू लागला होता, याचा पुरावा ती पट्टीच. ती ठेवा, वर्णनात तिचा मजकूर जसाच्या तसा द्या, आणि ती वेगळ्या कागदाची, मागाहून चिकटवलेली आहे हेही लिहा.

दुरुस्तीबद्दल लोक घाबरून लपवतात. दुरुस्ती हा दोष नाही, लपवलेली दुरुस्ती हा दोष आहे. चिकटपट्टी लावली असेल तर लिहा. तिचा डिंक काळाने पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग सहज निघत नाही. कापडावर चढवलं असेल तर लिहा, आणि गव्हाच्या खळीने चढवलं की आणखी कशाने, ते माहीत असेल तर तेही, कारण खळ पाण्याने सुटते आणि पुढे कुणाला ते पुन्हा काढता येतं. लॅमिनेशन केलं असेल तर ते पहिल्या ओळीत, कारण ते कागद न बिघडवता परत काढता येत नाही. आणि रंग भरला असेल तर तो कुठे आणि किती, तेही.

हे मी कडू अनुभवाने सांगते. एका व्यापाऱ्यासाठी मी एक पोस्टर दुरुस्त केलं होतं. मधल्या घडीवरचा उडालेला रंग जलरंगाने भरला, दोन चिरा मागून पातळ कागदाने जोडल्या. सहा महिन्यांनी तेच पोस्टर 'एकदाही हात न लागलेलं' म्हणून विक्रीला दिसलं. मी फोन केला, तर ते म्हणाले, काम इतकं छान झालंय की कुणाला दिसतच नाही. त्यांच्यासाठी मी पुन्हा काम केलं नाही. तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने तारीख आणि काय केलं ते दोन ओळींत लिहिते. पेन्सिल खोडता येते हे मला कळतं. पण मग खोडणाऱ्याला निदान स्वतः खोटं करावं लागतं.

आता तसबिरी. त्यातली एखादी 'रविवर्मा' आहे असं घरात सांगत असतील, कोकणात प्रत्येक जुन्या लक्ष्मीला आणि सरस्वतीला तेच म्हणतात. राजा रविवर्म्यांनी छापखाना १८९४ मध्ये मुंबईत काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि पुढे त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायखर यांनी, तो विकत घेतला. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, छापखाना त्यांच्यामागे कित्येक वर्षं चालला. म्हणजे त्यांच्या हयातीतली प्रत आणि नंतरच्या पिढीतली प्रत या दोन्ही एकाच छापखान्याच्या असू शकतात. शिवाय इतरांनी काढलेल्या नकला आहेत, आणि जर्मनीत छापून इकडे आलेली देवादिकांची चित्रंही आहेत. खाली छापखान्याचं नाव दिसत असेल तर ते उतरवा. दिसत नसेल तर 'समास कापलेला, छापखान्याचं नाव दिसत नाही' असं लिहा. चौकटीत बसवताना समास कापायचे, त्यामुळे हे फार वेळा होतं. 'रविवर्मा शैलीतलं' हा शब्दप्रयोग मला आवडत नाही. घेणारा त्यातला 'शैलीतलं' विसरतो आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं.

काही तसबिरींवर साडीच्या जागी जरी, टिकल्या, कापड चिकटवलेलं असतं. घरातल्या बायकांनी हौसेने केलेलं काम आहे ते. ते 'खराबी' म्हणून लिहू नका आणि 'छपाई' म्हणूनही नाही. वरून केलेली सजावट म्हणा, किती टिकल्या गळल्यात ते सांगा.

तसबीर काचेला चिकटली आहे का, ते तिरप्या उजेडात पाहा. चिकटलेली जागा ओली असल्यासारखी गडद दिसते. तशी असेल तर ओढू नका, चाकू घालू नका, चौकटीसकट विका आणि 'छपाई काचेला चिकटलेली' असं स्पष्ट लिहा. आणि एक कायद्याचं: शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातून मागणी आली आणि वयाबद्दल शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय पाठवू नका. भाव चढावा म्हणून '१२० वर्षं जुनं' असं उगाच लिहिणारे स्वतःलाच अडचणीत घालतात. ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही आहेतच. जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं लिहून सुटका होत नाही.

फोटोंचं थोडक्यात. ओसरीवर, उन्हाची तिरीप न येणाऱ्या जागी, सकाळच्या उजेडात काढा. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून काढा. फोटोच्या चौकटीत एक कोरा पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवा, म्हणजे रंग आणि आकार दोन्हींची खात्री पटते. पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची, चारही कोपरे, समासातली ओळ, आणि प्रत्येक दोष जवळून. मोबाइलमधले रंग गडद करणारे फिल्टर बंद. दुसऱ्याच्या प्रतीचा फोटो कधीच नाही, चित्र तेच असलं तरी.

तुमच्या ट्रंकेतल्या एका पोस्टरसाठी मी काय लिहीन ते नमुन्यादाखल देते. वर चित्रपटाचं नाव, मग असं:

"३० × ४० इंच, चारही बाजू मोजलेल्या, कापलेलं नाही. ऑफसेट छपाई. खालच्या समासात छापखान्याचा मुंबईचा पत्ता, सहा आकडी पिनकोडसह. म्हणून छपाई १९७२ नंतरची. चित्रपट त्याआधीचा असल्याने हे पुनःप्रदर्शनाचं पोस्टर. तीन घड्या, मधल्या घडीवर रंग उडालेला, ४ सेंमीची चीर, जोडलेली नाही. खाली डावीकडे पाण्याचा डाग, मागूनही दिसतो. कसरीच्या खुणा वरच्या समासात. डांबरगोळ्यांचा हलका वास. कसलीही दुरुस्ती मी केलेली नाही, आधीची आढळली नाही. खाली गावाच्या नावाची टॉकीजची पट्टी चिकटवलेली, मजकूर फोटोत. घरच्यांच्या सांगण्यानुसार आजोबा टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. याचा कागदोपत्री पुरावा नाही."

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही आणि तरी कागद हातात घेतल्यासारखा वाटतो. 'दुर्मिळ' लिहायचा मोह झाला तर स्वतःला विचारा, हे चित्र तुम्ही आधी किती ठिकाणी विकायला पाहिलंत? उत्तर एका वाक्यात लिहिता आलं तर तेच लिहा. 'पुढे भाव वाढेल' असं तर कधीच नाही.

पाठवायचं असेल तेव्हा चार इंची जाड पीव्हीसी पाइपात, आधी बटर पेपर आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून पाठवा. जुन्या घड्या आहेत तशाच असू द्या, नवी घडी मात्र एकही नको. आणि आता श्रावण चालू आहे, तर घाई करू नका. पोस्टरं सुटी करून, मध्ये साधा कोरा कागद घालून, जमिनीपासून वर सपाट ठेवा आणि दसऱ्यानंतर उघडून पुन्हा पाहा. तोवर पट्ट्यांवरची गावांची नावं वहीत उतरवून काढा. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना ती वाचून दाखवलीत, तर तंबू कुठल्या जत्रेत, कोणत्या मळ्यात लागायचा हे त्यांच्याकडून कळेल, आणि 'सांगितलेलं' या सदरात लिहायला तुमच्याकडे पक्कं काही असेल.